कानामागचा पोचा

नत्थुजी खारोड्यांचा कोर्टात जायचा पोशाख ठरलेला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर आणि डोक्यावर टोपी. एरवी ते बागेत बनियनवर हिंडत, पण कोर्टात जजसाहेबांनी एका नजरेत ओळखावं, की या दोघांतला मोठा भाऊ कोण, अशी त्यांची इच्छा असे. सहा वर्षांत जजसाहेब बदलत गेले आणि एकानंही मान वर करून टोपीकडे पाहिलं नाही.

आज तर कोर्ट नव्हतंच. कोर्टानं प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवलं होतं आणि हे सगळं प्रतीक्षानं घडवून आणलं होतं. नत्थुजींची ही एकुलती एक लेक अमरावतीत राजापेठेत खोली घेऊन राहायची, बँकेत नोकरीला होती, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न होतं. तिनं बापाला एकीकडून आणि अकोल्याच्या गोपालकाकाला दुसरीकडून फोनवर असं काही घोळात घेतलं, की दोघांनाही आपणच मोठं मन दाखवतो आहोत असं वाटलं.

चांदूर बाजारहून निघताना नत्थुजींनी बागेतल्या लिंबांची पिशवी गाडीत ठेवली. ही कोणासाठी, असं वच्छलाबाईंनी विचारलं. मध्यस्थ बाईंसाठी, ते म्हणाले. रिकाम्या हातानं निकाल मागायला जाऊ नये.

"त्या निकाल देत नाहीत, बाबा," प्रतीक्षा गाडी चालवता चालवता म्हणाली. "किती वेळा सांगतलं तुमाले."

"मंग देते कोन?"

"तुमी आन काका. दोघं मिळून."

नत्थुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. आम्हा दोघांना देता आला असता तर मी सहा वर्षं टोपी धुतली कशाला, असं काहीतरी ते पुटपुटले.

मागच्या सीटवर वच्छलाबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांना विहिरीचं सोयरसुतक नव्हतं आणि वाटेचंही फारसं नव्हतं. पोळा होऊन गेला होता, महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, आणि लग्नाआधी प्रतीक्षाच्या माहेरच्या या शेवटच्या महालक्ष्म्या. दोन्ही बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, एका घरात शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात, आणि लेकीनं त्यांची ओटी भरून सासरी जावं, एवढंच त्यांना हवं होतं. खारोड्यांकडे सहा वर्षं ते घडलं नव्हतं, कारण भांडण पेटलं त्या आठवड्यात भावांनी देवीही वाटून घेतल्या होत्या.

खुळेपणाच म्हणायचा. जमीन वाटली, झाडं वाटली, विहीर नत्थुजींकडे आली आणि पाण्याची पाळी दोघांत राहिली, तोवर सगळं ठीक होतं. मग गोपालनं थोरल्या भावाला न विचारता विहिरीला लागून बोर मारला. नत्थुजींनी आपल्या गोठ्यामागून विहिरीवरून गोपालच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेवर बोराटीच्या काट्या टाकल्या. गोपालनं कोर्टात केस टाकली. त्याच आठवड्यात पेटीतले पितळेचे मुखवटे निघाले. मोठा मी, मोठी माझी, म्हणून नत्थुजींनी लाल फडक्यातलं एक गाठोडं उचललं, आणि लहानी माझी म्हणून गोपालनं दुसरं. महालक्ष्मी एकटी कधी बसत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण भाऊ इरेला पेटले होते. दोघांनी अंजनगाव सुर्जीहून एकेक नवा मुखवटा घडवून आणला आणि आपापली जोडी पुरी करून घेतली. तेव्हापासून चांदूर बाजारला एक जोडी बसते आणि अकोल्याला एक, आणि दोन्ही जोड्यांत एक जण उसनी.

त्यातही एक गंमत होती, ती वच्छलाबाईंनी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चिंचेनं घासताना त्यांच्या हातून ज्येष्ठा पाट्यावर पडली होती. उजव्या कानामागे पोचा आला.  सासूबाईंनी मुखवटा उलटसुलट पाहिला, पोचा आला तिथं वेणी टेकवली आणि म्हणाल्या, बरं झालं, आता मोठी कोणती हे अंधारातही समजंन. पुढे रागिणी धाकटी सून म्हणून आली तेव्हा तिलाही त्यांनी तीच खूण दिली. मुखवटे घासायचं काम बायकांचं, त्यामुळे पोच्याची गोष्ट पुरुषांपर्यंत कधी गेलीच नाही. आणि वाटणीनंतरच्या पहिल्या वर्षी वच्छलाबाई चिंच घेऊन बसल्या, तर आपल्या घरातल्या ज्येष्ठेचा कान गुळगुळीत.

* * *

मध्यस्थी केंद्रात गोपाल आणि रागिणी अकोल्याहून आधीच येऊन बसले होते. अकोल्यात त्याचं बियाण्यांचं दुकान होतं, रोज शंभर लोकांशी बोलायची सवय होती, पण भाऊ दारातून आत आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. टोपी पाहून त्याला हसू येई आणि हसू आलं म्हणून रागही येई.

खोलीत उंच खुर्ची नव्हती. एक गोल टेबल होतं, भोवती सारख्या खुर्च्या, आणि त्यातल्याच एकीवर मध्यस्थ अॅडव्होकेट माया तायडे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला लावलेला. नत्थुजी खोलीभर नजर फिरवत उभे राहिले. गोल टेबलाला मोठ्या माणसाची जागा कोणती, हे त्यांना कळेना. शेवटी ते दाराकडे तोंड करून बसले आणि लिंबांची पिशवी पुढे सरकवली. मायाताईंनी हात जोडून ती परत सरकवली.

मग त्यांनी इथली रीत समजावली. आपण जज नाही, कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगणार नाही. इथे बोललेलं इथेच राहील, कोर्टात कोणी ते वापरू शकणार नाही. आपण दोघांशी वेगवेगळंही बोलू, आणि एकानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला कळणार नाही. पटलं नाही तर कोणीही उठून जावं, केस होती तिथून पुढे चालेल. पटलं तर ते लिहून सह्या होतील, कोर्ट त्यावर हुकूम करील आणि मग अपिलाची दगदग नाही.

"म्हंजे भांडण आमीच कराचं आन आमीच सोडवाचं," नत्थुजी म्हणाले.

"भांडण तर तुम्ही छान केलंच आहे," मायाताई म्हणाल्या. "दुसरं जमते का, ते पाहू."

पहिला अर्धा तास जमलं नाही. गोपालनं आपला तक्रारींचा पाढा वाचला. ट्रॅक्टर नाल्यावरून फिरवून न्यावा लागतो, पावसाळ्यात तो फसतो, बहाराच्या वेळी मजूर काट्यांतून येत नाहीत. नत्थुजींनी विहिरीचं पाणी कसं खाली गेलं ते हातानं दाखवलं, आणि दर वेळी हात आणखी खाली नेला. दोघंही एकमेकांशी न बोलता मायाताईंना सांगत होते. प्रतीक्षा मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, कारण हसली असती तर दोन्हीकडून बोलणी खाल्ली असती.

* * *

मायाताईंनी मग एकेकाला वेगळं बोलावलं.

नत्थुजी आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एकदम थकलेले दिसले. पाण्याचं काय, म्हणाले, देव देतो. बोरानं विहीर आटली असं ते कोर्टात म्हणत आले, पण विहीर त्या वर्षी अख्ख्या गावाची आटली होती.

"मले बोराचं दुख नाई, बाई. त्यानं मले इचारलं नाई, त्याचं हाये. बाप गेल्यावर मी त्याले खांद्यावर नेऊन शाळेत टाकलं. येका शब्दानं इचारलं असतं, तर मीच जागा दाखवली असती."

आणि त्यानं आता एवढं म्हटलं, की विचारायला हवं होतं, तर? मायाताईंनी विचारलं.

"तर काट्या आजच उचलतो. पन हे त्याले सांगू नका. मी मोठा हाये."

नत्थुजी बाहेर गेले आणि गोपाल आत आला. सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ त्याला जशीच्या तशी आठवत होती. बोरची गाडी शेजारच्या शेतातून निघाली होती, थांबायला तयार नव्हती. तो भावाला विचारायला घरी धावत आला. नत्थुजी रात्रभर पाण्याच्या पाळीवर जागून आले होते आणि ओसरीत गाढ झोपले होते. गोपाल बराच वेळ पायाशी उभा राहिला, आणि तसाच परतला.

"हे त्यांना सांगितलं कधी?"

"कवा सांगनार? संध्याकाळी गेलो तं वाटेत काट्या. माह्याही डोक्यात राख गेली." त्यानं दाराकडे पाहिलं. "चुकलंच माहं. पन हे तुमी त्याहिले सांगू नका. येकदा झुकलो का जलमभर झुकावं लागते."

मायाताईंनी चष्मा काढून पुसला. या खोलीत त्यांनी भांडणारे खूप पाहिले होते, पण दोन माणसं एकच गोष्ट त्यांच्या दोन खिशांत घालून जातात आणि दोन्ही खिशांना कुलूप लावतात, असं क्वचित घडे. एक वाक्य इकडचं तिकडे केलं असतं तर काम झालं असतं. पण दिलेला शब्द म्हणजे शब्द. एवढं एकच वाक्य बाहेर नेऊ का, असं त्यांनी गोपालला विचारलं, त्यानं नको म्हटलं. पुन्हा नत्थुजींना बोलावून विचारलं, त्यांनी टोपी घातली आणि नको म्हटलं. दोघेही सख्खे भाऊ होते यात शंका नव्हती.

"चला, चहा घेऊ," मायाताई म्हणाल्या. कुलपाची किल्ली कधी कधी बाहेर व्हरांड्यात असते हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

* * *

व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला रागिणी बसली होती, दुसऱ्या टोकाला वच्छलाबाई. मधे लिंबांची पिशवी. जावा सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. त्यांचं आपसात काही बिनसलं नव्हतं. नवरे बोलत नव्हते म्हणून त्याही बोलल्या नव्हत्या, आणि हे दोघींना सारखंच लागलं होतं.

वच्छलाबाईंनीच सुरुवात केली. बागेतली आहेत, म्हणाल्या, घे. रागिणीनं एक लिंबू उचलून नाकाशी धरलं आणि तिचे डोळे भरून आले. विहिरीजवळच्याच झाडाचं आहे ना, असं तिनं विचारलं. ते झाड तिनंच लावलं होतं.

"यंदा आंबील कोन करते तुह्याकडे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मीच करतो, बाई. तुमच्या हातासारखी होत नाई. जवारी नीट आंबतच नाई अकोल्यात."

"आन मोठी कशी हाये?"

रागिणीनं चमकून पाहिलं. वच्छलाबाई सरळ समोर बघत होत्या. मग रागिणी हळूच म्हणाली, "बरी हाये. दरसाल कानामागं वेणी टेकवतो. तुमची आठवन काढून."

"तुले कवा समजलं?"

"पयल्याच साली. चिंच लावतानी."

"मलेही तवाच." वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. "मंग बोलली काहून नाई?"

बोलले असते तर दोघं भाऊ मुखवटे बदलायला गेले असते आणि वाटेवर डोकी फुटली असती, असं रागिणीनं सांगितलं. शिवाय मोठी घरात होती तर तिला घरात एक मोठं माणूस असल्यासारखं वाटे. वच्छलाबाई बाकावर सरकत सरकत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिचा हात मांडीवर घेऊन बसल्या. लांबून प्रतीक्षानं हे पाहिलं आणि चहावाल्याला निष्कारण दोन चहा जास्त सांगितले.

* * *

पुन्हा सगळे गोल टेबलाशी बसले तेव्हा नत्थुजींनी ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं. लेकीचं लग्न आहे, आपण वाट मोकळी करायला तयार आहोत. पण एका अटीवर.

"ज्येष्ठा माह्याजवळ हायेच. मी मोठा, मोठी माही. पन गोपालजवळची कनिष्ठा मले पायजे. पोरीच्या शेवटच्या महालक्ष्म्या जोडीनं झाल्या पायजेत."

गोपालनं टेबलावर हात ठेवला. विहीर त्यांची, वाट त्यांची, आता लहानीही त्यांची. मग आपल्याकडे राहिलं काय? कनिष्ठा तो देणार नव्हता. लहान म्हणून जे काही वाट्याला आलं ते एवढंच होतं, आणि तिची पूजा त्यानं मनापासून केली होती.

सहा वर्षांचं गाडं पुन्हा त्याच खड्ड्यात चाललेलं दिसलं. प्रतीक्षानं मोबाईल खाली ठेवला. तिचं तोंड रडवेलं झालं होतं.

तेव्हा वच्छलाबाई हसायला लागल्या. आधी पदरात, मग उघड. रागिणीलाही ते आवरेना. नत्थुजी रागानं बायकोकडे बघू लागले.

"काहो," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्याजवळ ज्येष्ठा नाईच. तुमी रागारागात गाठोडं सोडून न पायताच उचललं. आपल्या घरी कनिष्ठा हाये. मोठी अकोल्याले हाये."

 भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, रागिणी कधी तोंड उघडत नसे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मायाताईंकडे बघून सांगितलं, की जाऊबाई खरं सांगतात. मोठीच्या उजव्या कानामागे पोचा आहे, सासूबाईंनी दोघी सुनांना दाखवलेला. तो मुखवटा तिच्या देव्हाऱ्यात आहे. घरच्या कनिष्ठेला जोड म्हणून चांदूर बाजारला भाऊजींनी अंजनगावहून आणखी एक कनिष्ठाच घडवून आणली, आणि अकोल्याला यांनी ज्येष्ठेशेजारी ज्येष्ठा.

"म्हंजे सहा वर्ष माह्या घरी दोन लहान्या?" नत्थुजी म्हणाले.

"आन माह्या घरी दोन मोठ्या," गोपाल म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा आवाज बदलला. "सहा वर्ष मी मोठीच्याच पाया पडून राहिलो, भाऊ."

त्यानं भावाकडे तोंड करून म्हटलेलं हे या केसमधलं पहिलं वाक्य होतं. नत्थुजींनी टोपी काढली. एवढी सगळी मोठेपणाची राखण केली आणि मोठी तिकडेच नांदत होती. त्यांनी हसावं की रडावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

मायाताई शब्दाला जागून गप्प बसल्या होत्या. आता गोपालनंच आपल्या खिशाचं कुलूप काढलं. त्या सकाळचं त्यानं सगळं सांगितलं, बोरची गाडी, ओसरी, झोपलेला भाऊ. आणि विचारायला हवं होतं, हेही सांगितलं.

नत्थुजी त्याच्याकडे वळले.

"मंग उठवाचं नाई काय मले?"

"रातभर जागले होते तुमी. डोया लागला होता."

"येड्या," नत्थुजी म्हणाले, आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

मग मायाताई एकेक कलम विचारून लिहू लागल्या. विहिरीवरची वाट दोघांची, कायमची मोकळी. पाण्याची पाळी पूर्वीसारखी. महालक्ष्म्या एक वर्ष चांदूर बाजारला, एक वर्ष अकोल्याला, पण दोघी बहिणी सोबत. शेवटचं कलम होतं, की पुढे कोणतंही खोदकाम एकमेकांना विचारून करावं. नत्थुजींनी बोट उचललं.

"त्यात लिहा बाई, झोपलेला असला तरी उठवून इचारावं."

हे कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं, असं म्हणत मायाताईंनी ते तसंच लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. बाहेर चहाच्या गाडीवर वच्छलाबाईंनी सगळ्यांच्या काळ्या चहात लिंबू पिळलं. मायाताईंनी स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः दिले.

* * *

कनिष्ठेनं घरातून उठायचं आणि ज्येष्ठेनं बागेतून यायचं, हे वच्छलाबाईंना पटेना. म्हणून आवाहनाच्या दिवशी सकाळीच त्यांनी कनिष्ठा गोपालच्या बागेत पाठवली. दोघी बहिणी तिथून सोबत निघाल्या. ज्येष्ठा रागिणीच्या हातात, कनिष्ठा प्रतीक्षाच्या. काट्या निघाल्या होत्या, वाटेवरचं गवत कापलं होतं, आणि विहिरीपासून दारापर्यंत कुंकवाची पावलं होती. अंजनगावच्या दोघी नव्या मात्र पाहुण्या म्हणून आधीच पाटावर बसवल्या होत्या.

"कोन आली?" वच्छलाबाईंनी उंबऱ्यातून विचारलं.

"महालक्ष्मी आली."

"कोन्या वाटेनं आली?"

हा प्रश्न रिवाजात नव्हता. तरी रागिणीनं लगेच उत्तर दिलं. "इहिरीच्या वाटेनं आली, बाई." मग वच्छलाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, ज्येष्ठेच्या कानामागे बोट फिरवून पाहिलं, आणि दोघींना आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणावळ आटोपली. पुरणपोळी आणि आंबील अंगावर येऊन नत्थुजी ओसरीत आडवे झाले आणि घोरू लागले. पावसानं आठवडाभर दडी मारली होती, झाडं सुकली होती, आणि त्या दिवशी पाळी नत्थुजींची होती. गोपाल हात पुसत ओसरीत आला आणि भावाच्या पायाशी उभा राहिला. माजघरातून रागिणीनं आणि वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

त्यानं वाकून भावाचा खांदा हलवला.

"भाऊ. उठा."

नत्थुजींनी एक डोळा उघडला. "काय झालं?"

"इचाराचं होतं. आजच्या दिवस माह्या बागेत पानी सोडू काय?"

"सोड ना बाप्पा," नत्थुजी म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवून पुन्हा झोपले. चेहरा भिंतीकडे होता, पण त्यांचं हसू वच्छलाबाईंना माजघरातूनही दिसलं.